बाहुलीचा स्वभाव

बालाघाटच्या डोंगरावरील, बीड जिल्ह्यातल्या एका लहानशा गावी मी मुख्याध्यापक होतो, त्या वेळची ही गोष्ट आहे. सातवीच्या मुलांनी एकदा असे ठरविले की, पहिलीच्या लहानग्यांना अक्षरे शिकविण्यासाठी आपण एक बोलकी बाहुली करावयाची. चित्रकलेच्या वहीत तिचे चित्र काढण्यात आले. झुपकेदार मिशा, जाड भुवया, नाकावर चष्मा आणि कपाळावर आठी. चित्र पाहून सगळा वर्ग माझ्याकडे बघून हसू लागला, तेव्हा नमुना कोणाचा घेतला होता हे माझ्याही ध्यानात आले! मग कवायतीचा एक पांढरा पायमोजा आणला. त्यात पुठ्ठ्याचे दुमडलेले तोंड बसविले, तोंडाच्या आत तांबडे कापड चिकटविले, डोळ्यांच्या जागी दोन काळी बटणे शिवली आणि कातरलेल्या लोकरीच्या मिशा लावल्या. मोजा पांढराशुभ्र, म्हणून नाव ठेविले खडूगुरुजी.

शनिवारी सकाळी खडूगुरुजी पहिलीच्या वर्गात गेले. त्यांनी खाकरून “अ अननसाचा” असे म्हणावयाचा अवकाश, की एका मुलीने रडे सुरू केले, दोघे दाराआड दडले आणि उरलेली मुले हाताची घडी घालून मान खाली घालून बसली. सातवीची मुले हिरमुसली होऊन परत आली. चित्र उत्तम होते. बाहुली चित्राबरहुकूम झाली होती. बोलणाऱ्याने पाठ केलेले एक वाक्यही चुकविले नव्हते. मग चुकले कोठे?

बाहुल्या करणाऱ्या थोर थोर कलावंतांनाही हा प्रश्न पडलेला आहे. आमच्या खडूगुरुजींना थोडा वेळ खुंटीवर ठेवून आपण त्यांची हकीकत पाहू.

बाहुल्यांचा खेळ महाराष्ट्रास नवा नाही. बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते आणि नदीपलीकडे पैठण लागते. चित्रे दाखवून रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगणारे चित्रकथी पूर्वी गावोगाव हिंडत असत. त्यांची पुष्कळ चित्रे पैठण येथे मिळाली, म्हणून त्या शैलीलाच पैठणचे नाव पडले. हीच परंपरा दूर कोकणात, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने आजवर जपली आहे. तेथे एकाच घरात चित्रकथीच्या पोथ्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि दोऱ्यांनी नाचविण्याच्या कळसूत्री बाहुल्या अशा तिन्ही कला नांदताना दिसतात. ह्या कलेची जन्मभर सेवा करणारे पिंगुळीचे परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ साली पद्मश्री हा किताब देऊन भारत सरकारने गौरविले.

ह्या जुन्या खेळात बाहुलीचा स्वभाव आधीच ठरलेला असे. दहा तोंडे दिसली की तो रावण. शेपूट दिसले की तो हनुमान. रावण गर्विष्ठ का, हे प्रेक्षकांना समजावून सांगावे लागत नसे. ते आजीकडून ऐकूनच मंडळी खेळाला येत. पडद्यावर बाहुली येण्यापूर्वीच तिचा स्वभाव गावात येऊन पोहोचलेला असे, असे म्हटले तरी चालेल. चित्रकाराने पिढीजात वळण सांभाळले, म्हणजे झाले.

परंतु जिला पुराणात आधार नाही, जिच्याविषयी कोणत्याही आजीने काही सांगितलेले नाही, अशी अगदी नवीन बाहुली जन्मास घालावयाची झाली, तर तिचा स्वभाव आणावा कोठून?

अशी एक नवीन व्यक्ती सुमारे शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रात जन्मास आली. तिचे नाव अर्धवटराव. यशवंत केशव पाध्ये हे तिचे जनक. पाध्ये हे शब्दभ्रमकार होते. शब्दभ्रम म्हणजे ओठ न हलविता असे बोलणे की, आवाज आपल्या मांडीवरील बाहुल्याच्या तोंडून आला असे पाहणाऱ्यास वाटावे. आवाज वस्तुतः कोठेही फेकला जात नाही. बाहुल्याचे तोंड हलताना डोळे पाहतात आणि मग कानही त्या डोळ्यांवर विश्वास ठेवतात. ही कला किती अवघड आहे, हे तुम्हाला घरबसल्या पडताळता येईल. दात किंचित विलग ठेवा, ओठ स्थिर ठेवा आणि आरशासमोर उभे राहून “काका, इकडे या” असे म्हणा. हे जमेल. आता “बाबा, पापड भाजा” असे म्हणून पाहा! व्याकरणात तुम्ही प, फ, ब, भ, म ह्या वर्णांना ओष्ठ्य वर्ण म्हणता, कारण ओठाला ओठ लागल्यावाचून ते उमटत नाहीत. शब्दभ्रमकाराला ह्या पाचही वर्णांचे काम जिभेकडून करून घ्यावे लागते. गंमत अशी की, पाध्ये हे आडनावदेखील त्याच वर्गातले आहे.

अर्धवटरावाचे नाव ऐकून हा कोणी खुळा असेल असे वाटते. प्रत्यक्षात तो तसा मुळीच नाही. तो हजरजबाबी आहे, आगाऊ आहे, आणि आपल्याला मांडीवर घेऊन बसलेल्या धन्याचीच फजिती करण्यात त्याला आनंद वाटतो. बोलविता धनी विचारतो आणि बाहुला त्याला निरुत्तर करतो. नाव अर्धवट आणि बुद्धी मात्र सव्वापट, ह्या विसंगतीतच त्याचा स्वभाव आहे. त्याच्या शेजारचा माणूस जितका सभ्य आणि गंभीर राहील, तितका त्याचा आगाऊपणा खुलून दिसतो. एकट्या अर्धवटरावाचे चित्र कागदावर काढले तर हे काहीच कळावयाचे नाही. त्याचा स्वभाव त्याच्या मुद्रेत अर्धा आहे. उरलेला अर्धा त्याच्या आणि धन्याच्या नात्यात आहे. पुढे त्याला आवडाबाई नावाची बायकोही मिळाली आणि त्या नात्यातून आणखी नवी भांडणे उभी राहिली.

यशवंत पाध्ये ह्यांच्यानंतर त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये ह्यांनी अर्धवटरावाला सांभाळले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, आणि सभागृहात दुरून दिसणारा हा बाहुला दूरदर्शनच्या पडद्यावरून लोकांच्या घरात येऊन बसला. जत्रेत किंवा नाट्यगृहात बाहुली लहान दिसते; म्हणून तिचे हातवारे मोठे करावे लागतात. दूरचित्रवाणीवर मात्र तिचा नुसता चेहरा संपूर्ण पडदा व्यापून टाकतो. तेथे हातवाऱ्यांचे महत्त्व कमी होऊन डोळ्यांचे वाढते.

डोळ्यांचे हे प्रकरण मोठे मजेदार आहे. कागदावर एक गोल तोंड काढा, त्यात दोन पांढरे डोळे काढा आणि बुबुळे अगदी मधोमध ठेवा. ते तोंड शून्यात पाहते आहे असे वाटेल. आता दुसरे तसेच चित्र काढून त्यात दोन्ही बुबुळे किंचित नाकाकडे सरकवा. ते तोंड एकदम तुमच्याकडे पाहू लागेल! पापणी थोडी खाली आणली की ते पेंगुळते, भुवईचे आतले टोक वर नेले की काळजीत पडते, खाली आणले की रागावते. बाहुली करणारे कलावंत म्हणूनच कापडाला कात्री लावण्यापूर्वी पानेच्या पाने भरून चेहरे काढतात. ह्यांपैकी बहुतेक कागद टाकून दिले जातात. तथापि ते वाया जात नाहीत. आपल्याला काय नको आहे, हे त्यांच्यामुळेच कळते.

ह्यानंतर बोलण्याचा प्रश्न येतो. मऊ स्पंजाच्या बाहुलीच्या डोक्यात हात घालतात. चार बोटे वरच्या जबड्यात आणि अंगठा खालच्या जबड्यात. नवशिका मनुष्य चारही बोटे उचलतो, त्यामुळे प्रत्येक शब्दाला बाहुली आभाळाकडे पाहते. जाणता मनुष्य अंगठा खाली नेतो आणि नजर जेथल्या तेथे राखतो. त्यातून बाहुली डोक्यावर उंच धरलेली असल्यामुळे खेळविणाऱ्याला ती दिसतच नाही. तो खाली ठेवलेल्या लहान पडद्यावर, कॅमेरा काय पाहतो आहे तेच पाहत असतो. आणि त्या पडद्यावर आरशाप्रमाणे डावे ते डावे दिसत नसल्यामुळे बाहुली डावीकडे न्यावयास जावे तो ती उजवीकडे चालली आहे असे त्याला वाटते! ही सवय अंगी मुरण्यास फार दिवस लागतात.

दूरचित्रवाणीसाठी बाहुल्या घडविण्याची ही रीत अमेरिकेतील जिम हेन्सन ह्या कलावंताने विशेष वाढविली. १९५५ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने आपल्या आईचा टाकून दिलेला हिरवट कोट कापून एक बाहुला केला आणि टेबलटेनिसचा चेंडू अर्धा कापून त्याचे दोन डोळे बसविले. त्या बाहुल्याचे नाव कर्मिट. आज सारे जग त्याला बेडूक म्हणून ओळखते. परंतु जन्मला तेव्हा तो बेडूक नव्हता; सरड्यासारखा एक कोणीतरी प्राणी होता. काही वर्षे पडद्यावर वावरल्यानंतर त्याला बेडकासारखी पावले आणि गळ्याभोवती टोकदार पट्टी मिळाली, आणि मग तो बेडूक झाला. माणसे जन्मास येऊन मग शिकतात, हे आपण जाणतोच. कर्मिटाने तर आपली जातही नंतर ठरविली.

पुढे १९६९ साली जे घडले ते अधिक महत्त्वाचे आहे. जोन गँझ कूनी ह्या बाईंनी, शाळेत जाण्याचे वय न झालेल्या मुलांसाठी दूरचित्रवाणीवर एक कार्यक्रम योजिला. ज्या घरांत पुस्तके नाहीत, ज्यांना बालवाडीत जाणे परवडत नाही, अशा मुलांनाही अक्षरांची व अंकांची ओळख व्हावी, असा त्यांचा हेतू होता. त्याचे नाव सेसमी स्ट्रीट. हेन्सनच्या बाहुल्या त्यात होत्याच. शिवाय एक रस्ता होता आणि त्या रस्त्यावर राहणारी खरीखुरी माणसे होती. कार्यक्रमाच्या सल्लागारांत मोठमोठे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी बजावले की, खरी माणसे आणि बाहुल्या ह्यांना एकत्र आणू नका. खरे काय आणि कल्पित काय, ह्याविषयी लहान मुलांच्या मनात गोंधळ उडेल. नियम ऐकण्यास शहाणपणाचा वाटतो. त्याप्रमाणे रस्त्यावरच्या प्रसंगांत एकही बाहुली ठेविली नाही.

कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी नमुन्याचे पाच भाग तयार करून ते जुलै महिन्यात फिलाडेल्फिया शहरातील मुलांना दाखविण्यात आले. मुलांचे लक्ष मोजण्याची तऱ्हा ऐकण्यासारखी आहे. दूरचित्रवाणीच्या शेजारी दुसऱ्या एका पडद्यावर रंगीत चित्रे दाखवीत. दर साडेसात सेकंदांनी चित्र बदले. एक निरीक्षक मुलाच्या डोळ्यांवर नजर ठेवून, मूल कार्यक्रम पाहते की शेजारचे चित्र पाहते, ह्याची नोंद करी. मूल खोटे बोलले तरी त्याचे डोळे खोटे बोलत नाहीत! ह्या परीक्षेत असे आढळले की, बाहुल्या दिसत तोवर मुले खिळून बसत. रस्ता आणि माणसे आली की त्यांच्या माना इकडे तिकडे वळत.

आता काय करावे? कार्यक्रम नोव्हेंबरात सुरू व्हावयाचा होता. एकीकडे विद्वानांचा नियम, दुसरीकडे लहान मुलांचे डोळे. कार्यक्रम करणाऱ्यांनी मुलांचे ऐकले. माझ्या मते त्यांनी केलेल्या साऱ्या धाडसांत हे धाडस सर्वांत मोठे होय. विद्वानांना बाजूला सारून चार वर्षांच्या मुलाचे मत मानावयाचे, हे सोपे नाही. मी जन्मभर शाळेत काढला असल्यामुळे मला ते विशेष कळते. हेन्सनला सांगण्यात आले की, रस्त्यावर माणसांबरोबर राहू शकतील अशा नव्या बाहुल्या कर. त्याने पेन्सिल हाती घेतली आणि त्यातून दोन रहिवासी जन्मले. एक उंचच उंच पिवळा पक्षी बिग बर्ड, आणि दुसरा कचऱ्याच्या डब्यात राहणारा तुसडा ऑस्कर. १० नोव्हेंबर १९६९ रोजी कार्यक्रम सुरू झाला. मुलांच्या मनात काही गोंधळ उडाला नाही.

बिग बर्डची उंची आठ फूट दोन इंच. अंगावर पिवळ्या रंगविलेल्या टर्की पक्ष्याच्या पिसांचा पोशाख. पिसे सुमारे चार हजार. आत कॅरॉल स्पिनी नावाचा कलावंत उभा असे. तो आपला उजवा हात डोक्यावर सरळ ताणून त्या हाताने पक्ष्याचे डोके व चोच हलवी. छातीवर एक छोटासा दूरचित्रवाणी पडदा बांधलेला असे. बाहेर काय चालले आहे ते त्यातच दिसे. हात असा वर धरून पाच मिनिटे उभे राहून पाहा, म्हणजे स्पिनीच्या कष्टांची कल्पना येईल. त्याने हे काम १९६९ पासून २०१८ पर्यंत केले. आणि नवल असे की, ज्या माणसाने त्या भोळ्या पक्ष्याला आवाज दिला, त्यानेच तुसड्या ऑस्करलाही आवाज दिला. पहिल्या वर्षी ऑस्कर नारिंगी होता. दुसऱ्या वर्षी हेन्सनने त्याला हिरवा केला. मुलांना त्याचे कारण द्यावयास हवे, म्हणून ऑस्करने सांगितले की, सुट्टीत एका दलदलीच्या ठिकाणी गेलो होतो, तेथे रातोरात हिरवा झालो. लहान मुले कारण मागतात. कारण पटले की मग ती कोणताही रंग मान्य करतात.

बिग बर्डची मूळ कल्पना मात्र फसलेलीच होती. पहिल्या पहिल्या भागांत त्याच्या डोक्यावर पिसे अगदी विरळ होती आणि स्वभावाने तो एक बावळट खेडवळ दाखविला होता. तो दारांना आपटे, वस्तू पाडी, आणि त्याच्या मूर्खपणाला हसावयाचे एवढेच त्याचे काम असे. अशा विदूषकाला मुले घटकाभर हसतात, पण त्याच्यावर जीव लावीत नाहीत. एके दिवशी स्पिनीच्या हाती एक प्रवेश आला. त्यात मुलांची बालवाडी पाहून ह्या पक्ष्यालाही तेथे जावेसे वाटते, असे दाखविले होते. तो वाचताना स्पिनीच्या मनात आले की, हा पक्षी मूर्ख नाही. हा लहान मूल आहे. त्याला दार उघडता येत नाही, कारण तो अजून शिकलेला नाही. आपला विचार त्याने दिग्दर्शकांना सांगितला आणि तो त्यांनाही पटला. त्या दिवसापासून बिग बर्ड बदलला. आठ फुटी देहात एक लहानसे मूल राहू लागले. त्याच्या डोक्यावर भरगच्च पिसे आली, डोळे मृदू झाले. चुका तो पूर्वीइतक्याच करी. परंतु आता त्या चुका पाहणाऱ्या मुलाच्या ओळखीच्या होत्या.

ज्या वर्षी मी ही हकीकत प्रथम वाचली, त्या वर्षी मला आमच्या शाळेतील खडूगुरुजींची फार आठवण झाली. कारण तेथेही अगदी हेच घडले होते.

फजितीनंतरच्या सोमवारी आम्ही त्या मोज्याला पुन्हा हातात घेतले. कोणी म्हणाले, मिशा काढू. कोणी म्हणाले, चष्मा काढू. मिशा काढल्या, चष्मा काढला, तरी बाहुली जरबच दाखवी. वर्गात एक मुलगी होती. तिचे आईवडील दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जात, तेव्हा ती आजीजवळ राही. ती फारशी बोलत नसे. त्या दिवशी मात्र ती उभी राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, ह्यो शिकवायला आलाय म्हणून लेकरं भ्यायलीत. ह्यालाच काही येत नाही असं केलं तर?”

मी क्षणभर गप्प बसलो. इतकी वर्षे शिकवून जे माझ्या ध्यानात आले नव्हते, ते तिने एका वाक्यात सांगितले होते. आम्ही भुवया काढल्या. बटणे किंचित आत सरकवून शिवली. खडूगुरुजींतील गुरुजी गेले आणि नुसता खडू राहिला. त्याला आवाज द्यावयास त्याच मुलीला बसविले. खडू पहिलीच्या वर्गात गेला आणि फळ्यावरचा ‘अ’ पाहून हा झोपाळा आहे का, असे विचारू लागला. पहिलीची मुले ओरडली, “अरे, तो अ आहे!” खडूने विचारले, “अ म्हणजे काय?” त्याबरोबर कालपर्यंत दाराआड लपणारा मुलगा पुढे येऊन खडूला अ गिरवून दाखवू लागला.

भारतात सेसमी स्ट्रीटचेच एक भावंड १५ ऑगस्ट २००६ रोजी ‘गली गली सिम सिम’ ह्या नावाने हिंदीत सुरू झाले. त्यासाठी आपल्याकडच्या नव्या बाहुल्या घडविल्या गेल्या. त्यांतली चमकी ही पाच वर्षांची मुलगी शाळेच्या गणवेशात असते. राजकन्येचा पोशाख अधिक झगझगीत दिसला असता. परंतु जेथे अनेक घरांत मुलीला शाळेत धाडावे की नाही ह्याचा विचार होतो, अशा देशात गणवेश घातलेली, प्रश्न विचारणारी मुलगी पडद्यावर रोज दिसणे, हे चित्रकाराने पेन्सिलीच्या एका रेघेत केलेले मोठे काम होय. बूम्बा नावाचा सिंहही तेथे आहे. सिंह असून कोणाला खात नाही, म्हणून मुलांना तो आवडतो.

बाहुलीचा स्वभाव एकदा ठरला, म्हणजे कायमचा ठरला असेही नाही. बिग बर्डचा एक मित्र होता, स्नफी नावाचा, हत्तीसारखा केसाळ आणि अवाढव्य. १९७१ पासून गंमत अशी चाले की, मोठी माणसे येण्यापूर्वीच स्नफी निघून जाई. म्हणून बिग बर्ड काय सांगतो ते कोणी खरे मानीत नसे. चौदा वर्षे मुले ह्यावर हसली. पुढे कार्यक्रम करणाऱ्यांना एक चिंता वाटू लागली. एखाद्या मुलाला कोणी त्रास देत असेल आणि ते घरी सांगू इच्छीत असेल, तर मोठी माणसे आपल्यावर विश्वास ठेवीत नाहीत, हेच आपण त्याला शिकवीत नाही ना? १९८५ साली त्यांनी स्नफीला साऱ्यांसमोर आणले. मोठ्या माणसांनी त्याला डोळ्यांनी पाहिले आणि पक्ष्याचे म्हणणे खरे होते हे कबूल केले. एक चांगला विनोद त्यांनी मुलांसाठी सोडून दिला.

सेसमी स्ट्रीटच्या रस्त्यावर मिस्टर हूपर नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांचे दुकान होते. बिग बर्डला त्यांचे नाव कधी नीट घेता आले नाही. ते दर वेळी ते सुधारून सांगत. हे काम करणारे नट विल ली ह्यांचे डिसेंबर १९८२ मध्ये निधन झाले. कार्यक्रम करणाऱ्यांपुढे मोठा पेच पडला. दुसरा नट आणावा? हूपर दूरगावी राहावयास गेले असे सांगावे? दोन्ही गोष्टी सोप्या होत्या. परंतु त्यांनी जाणत्या मंडळींचा सल्ला घेऊन, मुलांना खरे सांगावयाचे असे ठरविले. आणि ते सांगण्यासाठी त्यांच्यापाशी लहान मुलाच्या मनाचा तो पिवळा पक्षी होता. पहिल्या दिवसांतला बावळट विदूषक असता, तर हे काम त्याच्याकडून झाले नसते.

२४ नोव्हेंबर १९८३ रोजी तो भाग दाखविण्यात आला. त्या दिवशी अमेरिकेत सण असतो आणि सारे कुटुंब घरी असते. मुलाने काही विचारले तर उत्तर देण्यास कोणी मोठे जवळ असावे, म्हणून तो दिवस निवडला होता. बिग बर्डने रस्त्यावरच्या सगळ्या मोठ्या माणसांची चित्रे काढली आहेत. तो एकेकाला त्याचे चित्र देतो. सारे हसतात, वाहवा करतात. शेवटी एक चित्र उरते, हूपरांचे. ते परत आले की देईन, असे पक्षी म्हणतो. मोठी माणसे एकमेकांकडे पाहतात. मग त्याला हळूहळू सांगतात की, मेलेले माणूस परत येत नाही. पक्ष्याला ते पटत नाही. दुकान कोण चालविणार, मला गोष्टी कोण सांगणार, असे तो विचारतो. मोठी माणसे सांगतात की, आम्ही आहोत. परंतु सारे पूर्वीसारखे होणार नाही. असे का व्हावे, ह्याला कोणापाशीच उत्तर नसते. शेवटी तो पुन्हा हूपरांचे नाव चुकीचे घेतो, आणि इतर माणसे डोळे पुसत ते सुधारतात.

ती चित्रे आतल्या माणसाने, स्पिनीनेच, आपल्या हाताने काढली होती. हूपरांचे चित्र पक्ष्याच्या घरट्यावर लावण्यात आले.

आमच्या खडूची हकीकत एवढीच राहिली आहे. दिवाळीनंतर त्या मुलीची आजी आजारी पडली. घरी सांभाळणारे कोणी उरले नाही, म्हणून मुकादमाची गाडी आली तेव्हा तिला धाकट्या भावासह आईवडिलांबरोबर कारखान्यावर जावे लागले. हंगामी वसतिगृहात तिला ठेवावी म्हणून मी तिच्या वडिलांशी पुष्कळ बोललो. पण भावाला कोण पाहणार, ह्या त्यांच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. शनिवार आला. सातवीतल्या एका मुलाने खडूला हात घातला आणि त्याच्या परीने गोड आवाज काढला. पहिलीची मुले ऐकून म्हणाली, “हा खडू नाही.”

आम्ही पुष्कळ विचार केला. मग त्या मुलाने पहिलीच्या मुलांना खरे ते सांगितले. खडूचा आवाज ऊसतोडीला गेला आहे. हंगाम संपला म्हणजे येईल. तोपर्यंत खडू बोलणार नाही, ऐकेल मात्र. पहिलीच्या मुलांनी हे ताबडतोब मान्य केले. त्यांच्यापैकीही कित्येकांच्या घरची माणसे गेलेलीच होती. चार महिने खडू दर शनिवारी येऊन नुसता बसे आणि मान हलवी. मुले त्याला क पासून ज्ञ पर्यंत सारे वाचून दाखवीत.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती आली. हातांना उसाच्या पाचटाने पडलेले चरे होते. वर्गात बसण्यापूर्वी तिने कपाट उघडून मोजा काढला, हातात चढविला आणि पहिलीच्या दारात जाऊन उभी राहिली. खडूने फळ्याकडे पाहिले.

“हा झोपाळा आहे का रे?” त्याने विचारले.